कोरड्या हाताचे काकाजी

नागपुरात तर्री न घेता पोहे खाणारा माणूस मी एकच पाहिला. टपरीवाला लाल रस्स्याची पळी उचलायचा आणि काकाजी प्लेटवर आडवा हात धरायचे. "ओलं नको गा." नवीन टपरीवाल्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं पोट बिघडलंय. पोट उत्तम होतं. काकाजींचं पाण्याशी वैर होतं, एवढंच. वरण घट्ट, भाजी सुकी, भाकरी कडक. चहा मात्र दिवसभर चालायचा. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "चहा पाण्यात धरत नाही वं. चहा औषध आहे."

जरीपटक्याच्या बाजारामागे त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. बस आणि ट्रकचे हवेचे ब्रेक तिथे दुरुस्त व्हायचे. त्यातही काकाजींचा जीव एअर ड्रायरवर. दुसरं काम आलं तर ते करायचे, पण पाहुण्याच्या मुलाशी बोलावं तसं, वरवर.

मी तिथे पोचले ती नवऱ्यामुळे. तो ट्रेलर चालवतो. कंपनीने गाड्यांचा तळ नागपूरला हलवला, म्हणून आम्ही इथे आलो, आणि आल्यावर तो गेला रायपूर, विशाखापट्टणम, कुठे कुठे. महिन्यातले थोडे दिवस घरी. मी रत्नागिरीच्या खालच्या अंगाची. शाळा आठवीत सुटलेली. या शहरात दूधवाला "काहून?" म्हणाला तरी मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय. नवऱ्याची गाडी काकाजींकडे दुरुस्तीला यायची. त्यांना पार्ट धुवायला आणि जोडायला माणूस हवं होतं, आणि शेडमागे एक खोली रिकामी होती. नोकरी आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात. एक गेलं की दुसरं गेलंच. त्यामुळे भेटायला गेले तेव्हा मी रात्रभर पाठ केलेली उत्तरं घेऊन गेले होते. शाळा का सोडली, घरी कोण कोण, वगैरे.

काकाजींनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"कुठली वं तू?"

"रत्नागिरीकडची."

"पाऊस किती महिने?"

"चार. कधी पाच."

"मीठ?"

मला आधी कळलं नाही. मग म्हटलं, "पाणी सुटतं."

"आगपेटी?"

"चुलीशेजारी ठेवावी लागते. नाहीतर पेटत नाही."

डॉक्टर जीभ बघून मान हलवतात तशी त्यांनी मान हलवली. "म्हणजे ओली आहे तू." मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राह्य. पावसाळा काढ, मग पाहू."

आता यातली खरी अडचण सांगते. माझ्या तळहातांना घाम येतो. घाबरले की जास्त येतो, आणि मी बहुतेक वेळ घाबरलेलीच असते. आठवीच्या परीक्षेत माझ्या पेपरवर शाई पसरायची, बाई म्हणायच्या, पावसात बसून लिहिलंस का. त्या दिवशीही आधार कार्डाची झेरॉक्स मी काकाजींना दिली तेव्हा ती उकडलेल्या पानासारखी झाली होती. त्यांनी ती दोन बोटांत धरली, शेडच्या तारेला चिमटा लावून टांगली आणि कामाला लागले. मला वाटलं, संपलं. पण ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून मी एकच ठरवलं, पावसाळा संपेपर्यंत माझे हात या माणसाला दिसू द्यायचे नाहीत.

काम त्यांनी मला तोंडाने शिकवलं. चित्र काढणं, पुस्तक दाखवणं, असलं काही नाही. ते बोलायचे आणि मी पार्ट पुसत ऐकायचे.

"हवेत पाणी असते. दिसत नाही. पण हवा दाबली का पाणी सोडते, ओला टॉवेल पिळल्यावानी. गाडीचं कॉम्प्रेसर काय करते? हवा दाबते. गरम गरम हवा पुढं जाऊन थंड झाली का तिचं पाणी. तेच पाणी टाकीत, तेच पायपात, तेच ब्रेकच्या वॉल्वमधी. मग गंज. मग एक दिवस ड्रायव्हर ब्रेकवर पाय देते, अन् ब्रेक म्हणते, थांब जरा, येतो."

हे शेवटचं वाक्य ते कधीच हसून बोलायचे नाहीत.

"म्हणून मधात हा डबा. ड्रायर. याच्या पोटात दाणे. हवा दाण्यातून जाते, दाणे पाणी पेतात, कोरडी हवा टाकीत जाते. पण पेऊन पेऊन किती पेतीन बिचारे? मग टाकी भरली का खालचा वॉल्व उघडते, अन् कोरडीच थोडी हवा उलटी येते दाण्यातून, सारं पाणी घेऊन भाएर. फुस्स."

हा "फुस्स" ते तोंडाने करून दाखवायचे, आणि तो इतका जीव ओतून, की समोरच्याच्या चष्म्यावर तुषार उडायचे. त्या शेडमध्ये परवानगी असलेलं तेवढंच पाणी.

बस चौकात थांबते, खालून फुस्स आवाज येतो, लहान मुलं दचकतात, तो आवाज हा. काकाजींना तो आवाज आला की समाधान व्हायचं. हातातलं काम थांबवून म्हणायचे, "मोकळी झाली." ही त्यांची जगाकडे बघण्याची रीतच होती. काकीजी कधी चिडून घरातून शेडमध्ये यायच्या आणि दहा गोष्टी सुनवायच्या. काकाजी शांतपणे मला सांगायचे, "फुस्स होऊन राहिलं. होऊ दे. अंदरून कोरडी होऊन राहिली ते." हे काकीजींनी ऐकलं की दुसरा फुस्स व्हायचा, पहिल्यापेक्षा मोठा.

त्यांची एक फुशारकी होती, की नुसत्या आवाजावरून ते ड्रायरची तब्येत सांगतात. शेडच्या दारात स्टुलावर डोळे मिटून बसायचे. उमरेडच्या रस्त्यावर खाजगी बस चालवणारा एक ड्रायव्हर होता, सतत हसणारा, त्याला काकाजींना डिवचायचं व्यसन होतं. एकदा तो शेजारी उभा असताना मागून कुठूनतरी फुस्स आला. काकाजी डोळे न उघडता म्हणाले, "याचं कॉम्प्रेसर तेल फेकून राहिलं. दाणे चिकट झाले. आवाज पाह्य, घोगरा आहे."

ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, ते काकीजीचं कुकर होय. वरण झालं तुमचं."

काकाजी डोळे उघडायला तयार नव्हते. "रिंग पाहायले सांग तिले," म्हणाले. आणि खरं सांगायचं तर कुकरची रिंग खरोखरच गेली होती. हे त्यांनी नंतर महिनाभर सगळ्यांना सांगितलं. चुकलेले अंदाज त्याहून बरेच जास्त होते, ते कोणी सांगायचं नाही असा शेडचा नियम होता.

उन्हाळ्यात काय झालं ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात या गावात घरोघरी, दुकानोदुकानी कूलर घुरघुरत असतो, खसाचा वास सुटलेला असतो. आमच्या शेडमध्ये कूलर नाही. कारण कूलर म्हणजे पाण्यातून काढलेली हवा, आणि ती हवा आमच्या तपासणीच्या कॉम्प्रेसरने ओढली तर? पत्रा तापून वरून आग, आणि काकाजी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून आनंदात. "काय मस्त कोरडी हवा आहे वं," म्हणायचे. "तुमच्या कोकणात असं मिळन का?" मी म्हणायचे, नाही मिळणार. उमरेडचा ड्रायव्हर दारातूनच म्हणायचा, "काकाजी, वहिनीले दाणे करून टाकसान एक दिवस. भाजून."

मागे घरात मात्र काकीजींचा कूलर कपाटाएवढा होता. दुपारी जेवायला गेलेले काकाजी तासभर परत यायचे नाहीत. एकदा निरोप द्यायला गेले तर कूलरच्या थेट समोर, बनियनवर, पाय पसरून घोरत होते. जागे झाले, मला पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "घरात तिची चालते."

आणि आता तो हाताचा रिवाज.

दुरुस्त झालेली गाडी सोडण्याआधी काकाजी ती चालू ठेवून हवेची टाकी भरू द्यायचे. मग खाली वाकून टाकीच्या तळाची रिंग ओढायचे. तिथून हवा सुटते. त्या हवेखाली ते आपला उघडा तळहात धरायचे. ड्रायर चांगला असेल तर टाकीत पाणी नसतं, म्हणजे हात कोरडा राहतो. मग तो हात ड्रायव्हरच्या नाकासमोर नेऊन म्हणायचे, "पाह्य. कोरडा. काढ गाडी." हात कोरडा नसेल तर गाडी हलायची नाही, मालक फोनवर ओरडला तरी. ड्रायव्हरचा स्वतःचा हात चालायचा नाही. "त्याले घाई असते," काकाजी म्हणायचे. "घाईवाल्याचा हात कोरडाच निघते."

शेडमधल्या माणसाचाच हात लागायचा. शेडमध्ये माणसं दोन. त्यातल्या एकाचे हात असे. गाडी सोडायची वेळ आली की माझ्या हातात पाना यायचा, नाहीतर साबण, नाहीतर मला अचानक फिल्टर धुवायचा असायचा. पावसाळा लागला, दमट हवा आली, आणि माझे हात गळक्या नळासारखे झाले.

श्रावणात आणखी एक घोळ झाला. काकाजींच्या घरी उपास-तापास नव्हते. आजोबांनी छप्पनमध्ये दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सुटलं, असं काकीजी सांगायच्या. पण माझे सोमवार त्यांच्या लक्षात असायचे. त्या सोमवारी ओट्याजवळून ओरडल्या, "पोरी, तुह्यासाठी साबुदाणा आणून ठेवला वं. फडताळात स्टीलचा डबा आहे. भिजवून घे." आणि बाजारात गेल्या.

फडताळात स्टीलचे डबे दोन होते. मी एक उघडला, पांढरट गोल दाणे. थोडे लहान वाटले, म्हटलं इकडचा साबुदाणा असा असेल. पातेल्यात घेतले, पाणी ओतलं. पातेलं बोलायला लागलं. चर्र, बुडबुडे, आणि बाहेरून हात लावला तर गरम. चुलीवर नाही, काही नाही, आणि पातेलं गरम. आमच्याकडे असं काही दिसलं तर देवाला नारळ देतात.

आवाजाने काकाजी आले. त्यांनी पातेल्यात पाहिलं. ते दाणे ड्रायरचे होते. जुन्या डब्यातून काढलेले दाणे काकाजी लोखंडी कढईत फुटाण्यांसारखे भाजायचे. पाणी उडालं की दाणे पुन्हा तहानलेले. गाडीत ते कधी घालायचे नाहीत, गाडीला नवीनच. हा आपला त्यांचा छंद, आणि पावसाळ्यात दमट हवा लागू नये म्हणून ठेवायची जागा काकीजींचं फडताळ.

"काकाजी," मी म्हटलं, "मी जाते."

"कुठं?"

"गावाला."

"काहून? साबुदाण्यासाठी?"

आणि मग त्यांना जो आनंद झाला तो काय सांगू. रस्त्यावरून उमरेडच्या ड्रायव्हरला बोलावलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. सगळ्यांना पातेल्याला हात लावायला लावला. "पाहा. पाणी पेलं का ताप येते त्याले. किती तहान असन." काकीजी भाजी घेऊन आल्या तर स्वयंपाकघरात सभा भरलेली. त्या दिवशी झालेला फुस्स शेडच्या इतिहासात सर्वात मोठा असेल. मी कोपऱ्यात हात ओढणीत गुंडाळून उभी. खिचडी काकीजींनीच केली. काकाजी म्हणाले, "मले दे थोडी. कोरडी असन तर."

पावसाळा संपत आला होता. शेवटचे दिवस. काकाजी-काकीजी सावनेरला भाच्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघाले. उमरेडची बस शेडमध्ये उभी होती. नवीन ड्रायर काकाजींनी स्वतः बसवला होता, टाकी भरायची होती. रिक्षात बसता बसता म्हणाले, "टाकी भरली का रिंग ओढ, हात पाह्य, अन् सोड." इतक्या सहज म्हणाले, की रिक्षा वळेपर्यंत मला त्याचा अर्थच कळला नाही.

टाकी भरली. खालून फुस्स आला. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, सोडा ना. उमरेडची सवारी उभी आहे तिकडं."

मी ओढणीला हात पुसला, खाली वाकले, रिंग ओढली. हवा हातावर आली. हात काढून पाहिला. ओला.

पुन्हा पुसला, पुन्हा धरला. ओला. तिसऱ्यांदा ओढणीच ओली लागायला लागली. आता हे पाणी गाडीचं की माझं? गाडीचं असेल आणि मी सोडली, तर गाडीत पन्नास माणसं आणि पुढे तो ब्रेक, थांब जरा म्हणणारा. माझं असेल आणि मी अडवली, तर सवारी गेली, मालक ओरडणार, आणि काकाजींना कळणार की ज्या माणसाला हात कोरडा ठेवता येत नाही त्याला आपण ड्रायरच्या कामावर ठेवलंय. पावसाळा संपायच्या तोंडाशी. मला रडू यायला लागलं होतं. त्यातही पाणीच.

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी तळहात चाटला.

खारट.

मनाची खात्री होईना. दुसरा हात, जो रिंगेखाली धरलाच नव्हता, तोही चाटला. तोही तितकाच खारट. टाकीतलं पाणी असतं तर बेचव लागलं असतं, तेलकट लागलं असतं. मी उठून उभी राहिले.

ड्रायव्हर पायरीवर एक पाय ठेवून हे सगळं पाहत होता. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "आज उपास आहे का?"

"खारट आहे," मी म्हटलं. "काढा गाडी."

गाडी गेली. उमरेडपर्यंतच्या प्रत्येक थांब्यावर ती गोष्ट उतरली असणार, कारण काकाजी सावनेरहून यायच्या आत ती जरीपटक्यात परत आली होती. ते संध्याकाळी आले ते थेट शेडमध्ये. साक्षगंधाचा नवा सदरा अंगावर तसाच.

"चाटला?"

"हो."

"खारट?"

"हो."

"तेलकट?"

"नाही."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "पेपर धरता नाही आला का वं? एवढी रद्दी पडून आहे."

कोपऱ्यात खरोखरच वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. मी रोज त्यावर पार्ट पुसून ठेवायचे. महिनोन्महिने माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "तुम्ही हात म्हणाला होतात," मी म्हटलं.

"मी म्हणालो म्हणून."

तेवढ्यात उमरेडची बस परतीच्या फेरीवर आली. काकाजी नव्या सदऱ्यासकट खाली वाकले, रिंग ओढली, हात धरला. उठले. हात ड्रायव्हरकडे न नेता माझ्या नाकासमोर आणला. कोरडा ठणठणीत.

मला तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "काकाजी, माझ्या हातांना घाम येतो. पहिल्यापासून."

"मले सांगून राहिली?" ते म्हणाले. "तुही झेरॉक्स मी तारेवर वाळू घातली होती ना. कागद होता का पापड, समजत नव्हतं."

"मग ठेवलंत कशाला?"

"इथले सारे उन्हातले. डोळ्यानं दिसल्याशिवाय या लोकायले पाणी खरं वाटत नाही. कोरडा वारा पाहून म्हणतात, काकाजी, नागपुरात कायचं पाणी. तुले हवेतलं पाणी लहानपणापासून माहीत आहे. तुले शिकवा लागलं नाही." मग म्हणाले, "अन् आज सकाळी हात पाह्य म्हणालो ते मुद्दाम नाही. तुह्या घामाचं खरंच विसरलो होतो. तेवढं मात्र चुकलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पोटली दिली. काकीजींच्या जुन्या पातळाचं कापड, आत भाजलेले दाणे, वर गाठ. "कामाच्या वेळेस खिशात ठेव. हात ओले झाले का धर. थंड पडली का मले दे, दाणे भाजून देतो." मी ती मुठीत धरली. हळूहळू ती उबदार झाली. काकाजींच्या समोर उभी होते ना, घाबरलेली होतेच.

त्या पावसाळ्यानंतर ते "मग पाहू" म्हणालेलं पाहतील, याची मी वाट पाहिली. दसरा गेला, दिवाळी गेली. ते काही बोलले नाहीत. पुढचा पावसाळा आला, तोही गेला. खोली तीच, कामाचा बाक तोच. मी कधी विचारलं नाही, उगाच आठवण कशाला करून द्या. दर दसऱ्याला पाना घासताना मला वाटायचं, आज म्हणतील. ते म्हणायचे, "चहा टाक वं."

आता त्यांचे गुडघे गेले. मुलगी मुंबईला असते, ती दोघांना घेऊन गेली. खाडीच्या काठावर नवव्या मजल्याचं घर. शेडचा व्यवहार सावनेरचा भाचा पाहतो, ड्रायरचा बाक माझ्याकडे आहे. गाडी सोडताना मी वर्तमानपत्राचा तुकडा धरते. उमरेडचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी म्हणतो, "वहिनी, चव पाहिली का?"

गेल्या जूनमध्ये काकाजींचा फोन आला. पहिले ड्रायरचं विचारलं, मग कूलरचं. आणला का? म्हटलं, नाही आणला. खूश झाले. मग आवाज खाली गेला.

"इथं पापड तळला का ताटात येईपर्यंत सादळते वं."

"मीठ?" मी विचारलं.

"पाणी सुटते."

"आगपेटी?"

"लायटर आहे. पण कपाटातल्या चपलेले बुरशी आली. चामड्याच्या. असं कुठं असते का?"

मी म्हटलं, असतं. पाठीमागून टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी हिंदीत बातम्या सांगत होतं. मग काकाजी म्हणाले, "कोणाले सांगू नको. लिफ्टमधी गेलो का माह्या हाताले घाम येऊन राहिला. नऊ मजले. सारे अनोळखी लोक असतात अन् कोणी बोलत नाही. काल बटन दाबलं तर बोट घसरलं." बोलता बोलता आवाज आणखी बारीक झाला. "कसं निघन वं इथं?"

माझी पोटली माझ्या खिशात होती. दुसरी एक मी त्याच आठवड्यात भाजून पार्सल केली, पण ते नंतर. तेव्हा फोनवर मला एकच वाक्य सुचलं. कितीतरी वर्षं माझ्याजवळ तसंच पडून होतं ते.

"काकाजी," मी म्हटलं, "पावसाळा काढा. मग पाहू."

पलीकडे बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला, आणि माझे हात ओले व्हायला लागले.

मग आला. फुस्स.